हातात मावणारं पझल बॉबल: ईएसपी३२ आणि १.८ इंची डिस्प्ले (जोडणी, बॅटरी, जाळीचं गणित)

तर्री_पोहे

टायटो कंपनीचा १९९४ चा खेळ पझल बॉबल (परदेशात 'बस्ट-अ-मूव्ह' नावानंही आलेला; खालच्या तोफेतून रंगीत बबल वर मारायचे, एकाच रंगाचे तीन चिकटले की फुटतात) छोट्या हँडहेल्डवर नव्यानं लिहिणं चालू आहे. मूळची चित्रं, संगीत, नाव काहीच वापरायचं नाही. नियम आणि नेम धरण्यातली मजा मात्र तीच हवी.

सामान: ३० पिनी ईएसपी३२ डेव्हकिट (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एसटी७७३५ चिपचा १.८ इंची रंगीत डिस्प्ले (१२८×१६०), तीन बटनं (डावं, उजवं, फायर), १००० एमएएचचा लिपो (लिथियम पॉलिमर) सेल, टीपी४०५६ चार्जर. बबल १२ पिक्सेलचा ठेवला आहे, तोफेचा नेम दाखवणारा काटा एका दाबाला २ अंश सरकतो.

तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१. यूएसबीवर सगळं नीट चालतं, सेलवर टाकलं की थोड्या वेळानं बोर्ड सारखा रीसेट होतो.
२. दोन बबलच्या मधली एका घराची फट समोर दिसते, पण बबल तिच्यातून जातच नाही, तोंडाशीच चिकटतो.
३. एंडलेस (न संपणाऱ्या) मोडमध्ये वरून नवी ओळ आली की एकाच रंगाचे तीन चिकटूनही फुटत नाहीत. कधी कधी तर न चिकटलेला, एक घर सोडून असलेला बबल फुटतो.

झीरो_पीसीबी

पहिल्याचं उत्तर देतो. सेलची तार बोर्डच्या व्हीआयएन (पुरवठ्याच्या) पिनला लावली असणार. त्या पिनच्या मागे डेव्हकिटवर बहुतेक वेळा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणणारी चिप) असतो. त्याला इनपुट आणि आउटपुटमध्ये साधारण १.१ व्होल्टचं अंतर लागतं. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे बोर्डला ३.१ मिळतात आणि खेळ सुरू होतो. सेल ३.७ वर उतरला की उरतात २.६, आणि बॅकलाइटनं जरा ओढ घेतली की ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज पडून रीसेट. सीरियल मॉनिटर उघडून पाहा, रीसेटच्या आधी 'ब्राउनआउट डिटेक्टर' असलेली ओळ दिसली तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

दोन मार्ग आहेत. एक, एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल लावून ५ व्होल्ट करायचे आणि ते व्हीआयएनला द्यायचे. हे मॉड्यूल कुठल्याही व्होल्टेजला सेट होऊन आलेलं असू शकतं आणि ते २८ व्होल्टपर्यंत चढतं. त्यामुळे बोर्ड जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून ५ वर आणा. त्यावरचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) पुष्कळ वेळा फिरवावा लागतो, सुरुवातीला काहीच बदलत नाही, म्हणून तो खराब आहे असं समजू नका.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: एमई६२११ सारखा कमी ड्रॉपआउटचा ३.३ व्होल्ट रेग्युलेटर, दोन्ही बाजूंना १० मायक्रोफॅरड, आणि बोर्डच्या ३व्ही३ पिनजवळ १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. बूस्टमध्ये वाया जाणारी शक्ती वाचते. मात्र ३व्ही३ पिनला असा पुरवठा चालू असताना यूएसबी लावू नका, दोन रेग्युलेटर एकमेकांवर येतात. सेलच्या तारेत एक स्लाइड स्विच टाका आणि प्रोग्रॅम चढवताना तो बंद ठेवा.

वायफाय, ब्लूटूथ दोन्ही बंद करा आणि प्रोसेसर ८० मेगाहर्ट्झवर आणा. या खेळाला तेवढा पुरून उरतो. रेडिओ बंद असताना २४० मेगाहर्ट्झवर चिप ३० ते ६८ मिलिअँपियर घेते, ८० वर २० ते ३१. डिस्प्लेच्या एसपीआयला (चित्राचा डेटा नेणाऱ्या जोडणीला) यानं फरक पडत नाही.

बर्डीकर

चार्जरबद्दल थोडं. बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) टीपी४०५६ मागितला की दोन प्रकार समोर येतात. सेलच्या बाजूला दोनच टोकं असलेला घेऊ नका. बी प्लस, बी मायनस आणि त्यांच्याशेजारी आउट प्लस, आउट मायनस अशी चार टोकं असलेला घ्या. त्यावर सेल जास्त उतरू न देणारं संरक्षण असतं.

या बोर्डवर आर३ जवळ '१२२' छापलेला बारीक रेझिस्टर असतो, म्हणजे १.२ किलोओहम. त्यानं चार्जिंग करंट १ अँपियर ठरतो. १००० एमएएचच्या सेलला हा जास्त आहे. तो काढून २ किलोओहमचा लावा, करंट साधारण ५८० मिलिअँपियर होतो.

चार्ज होत असताना खेळूही नका. करंट ठरवलेल्याच्या दहाव्या भागावर आला की ही चिप चार्जिंग थांबवते, म्हणजे इथे ५८ मिलिअँपियरवर. तुमचा खेळच ७०-८० ओढत असेल तर चिपला वाटतं सेल अजून भरतोच आहे. मग सेल ४.२ व्होल्टवर तासन् तास तसाच राहतो आणि फुगतो.

आणि आपल्या गावाची खास गोष्ट: लिपो सेल चार्ज करायची वरची मर्यादा ४५ अंश असते. मे महिन्यात नागपुरात दुपारी नुसत्या हवेचाच पारा तिथे पोहोचतो, शिवाय टीपी४०५६ स्वतः तापतो. उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे चार्ज करा, आणि डब्यात चार्जर सेलला चिकटवून बसवू नका, मध्ये निदान एक सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. डबा पीएलएचा (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकचा) छापला असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, बटनांची भोकं वाकडी होतात आणि बटन दाबलेलंच राहतं.

अंबाझरी_काठ

तर्रीभाऊ, पिना कोणत्या वापरून राहिले ते सांगा. बटनं ३४, ३५, ३६, ३९ वर असतील तर आधीच बदला. या पिनांना आतला पुलअप (बटन मोकळं असताना पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) नाही, कोडमध्ये लिहिला तरी लागत नाही, म्हणून बटन न दाबताच काटा फिरते. १२ नंबरवर बटन किंवा पुलअप नको. बोर्ड चालू होताना ती पिन हाय दिसली तर फ्लॅशचं (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीचं) व्होल्टेज चुकीचं निवडलं जाते आणि बोर्ड उठतच नाही. ६ ते ११ आत फ्लॅशला जोडलेल्या आहेत, तिकडे पाहूच नका.

माझी जोडणी अशी: डिस्प्लेचं क्लॉक १८, डेटा २३, सीएस ५, डीसी १६, रीसेट १७. बटनं २५, २६, २७ वर, दुसरं टोक ग्राउंडला, आतला पुलअप चालू. झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या पट्टीवर) बोर्डसाठी मादी बर्ग स्ट्रिप (पिना खोचायचं सॉकेट) लावा, बोर्ड सरळ सोल्डर करू नका. खराब झाला तर काढता येते.

डिस्प्लेच्या कडेला एक-दोन ओळी कचरा दिसत असेल किंवा लाल-निळा उलटा येत असेल तर लायब्ररीत टॅबचा रंग चुकला. संरक्षक फिल्मच्या टॅबचा रंग नेहमी खरा नसते. काळा, हिरवा, लाल असे तिन्ही पर्याय एकेक करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

तर्री_पोहे

ब्राउनआउटचीच ओळ येत होती. रेग्युलेटर बदलला, ३.५ व्होल्टपर्यंत सेल उतरवून पाहिला, एकदाही रीसेट नाही. बटनंही २५-२६-२७ वर नेली. आता फट आणि नवी ओळ.

गणितवेडा

आधी फट, कारण या खेळाचं सगळं सुख तिथेच आहे. फटीतून बबल घालून मागचा गुच्छ पाडता आला नाही तर उरते फक्त रंगांची जुळवाजुळव.

तुमचा बबल १२ पिक्सेलचा. दोन केंद्रांमधलं अंतर १२ पेक्षा कमी झालं की धडक, असं लिहिलं असणार. ओळीत एक घर रिकामं असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांमध्ये २४ पिक्सेल असतात. म्हणजे येणारा बबल अगदी मध्यावरून, एकाही पिक्सेलच्या फरकाशिवाय आला तरच सुटतो. तसा नेम कोणालाच धरता येत नाही.

धडकेचं अंतर व्यासापेक्षा लहान ठेवा. बबल १४ पिक्सेलचा धरतो (का ते खाली सांगतो) आणि धडक १२ वर. आता फटीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना २ पिक्सेल, म्हणजे एकूण ४ पिक्सेलची वाट मिळते. धडक १० वर आणली तर वाट ८ पिक्सेलची होते, पण बबल दुसऱ्यावर चढून गेलेला डोळ्यांना दिसतो आणि नेमाला किंमत उरत नाही. कोडमध्ये वर्गमूळ काढू नका, अंतराचा वर्ग १४४ शी ताडून पाहा.

याला जोडूनच काट्याचा प्रश्न येतो. तोफेपासून १२० पिक्सेलवर १ अंशाचा फरक २.१ पिक्सेल होतो, २ अंशांचा ४.२. तुमची वाट ४ पिक्सेलची आणि काट्याची एक पायरी ४.२ ची, म्हणजे काटा फटीच्या डावीकडून थेट उजवीकडे जातो, मध्ये थांबतच नाही. म्हणून एका दाबाला १ अंश. बटन दाबून धरलं तर पहिल्या १० फ्रेम १ अंशानं आणि नंतर २ अंशांनी. भिंतीवर आपटून जाणारा मार्ग २४० पिक्सेलपर्यंत लांबतो, तिथे १ अंशही ४.२ पिक्सेलचा होतो. त्यासाठी अर्ध्या अंशाची सोय हवी, डावं-उजवं दोन्ही दाबून एक सोडलं की अर्धा अंश, असं करता येईल. धडकेचं अंतर आणि काट्याची पायरी एकाच कागदावर ठरवा. एक बदललं की दुसरं तपासायचंच.

अंबाझरी_काठ

गणित पटलं, पण १४ काहून? १२ चा बबल घेतला तर ८ बबलची ओळ ९६ पिक्सेलमध्ये बसते, बाजूला ३२ उरतात. तिथे स्कोअर, पुढचा बबल, सगळं मावते. खालीही जागा भरपूर. १४ मध्ये दाटी होते.

गणितवेडा

दाटी होते, हे खरं. ८ × १४ = ११२, बाजूला १६ पिक्सेलची पट्टी उरते. ओळींची उंची १२ धरली तर ११ ओळींना १३४ पिक्सेल लागतात, तोफेला २६ उरतात. तरीही १४ च, दोन कारणांनी.

पहिलं कारण ओळींची उंची. षटकोनी रचनेत ती व्यासाच्या ०.८६६ पट असते. १२ ला १०.३९ येते, पिक्सेलमध्ये १० धरावी लागते. मग तिरक्या शेजाऱ्याचं अंतर वर्गमूळात (३६ + १००), म्हणजे ११.६६, बबल एकमेकांत घुसलेले दिसतात. १४ ला १२.१२ येते, ती १२ धरली की तिरकं अंतर १३.८९. जवळजवळ नेमकं बसतं. अनेकजण चित्र काढताना १० आणि धडक तपासताना १०.३९ वापरतात, अकराव्या ओळीला ३.९ पिक्सेलचा फरक पडतो आणि बबल हवेत चिकटतो. दोन्हीकडे एकच पूर्णांक वापरा.

दुसरं कारण डोळ्यांचं. या डिस्प्लेचा एक पिक्सेल साधारण ०.२२ मिलिमीटर. १२ चा बबल २.६ मिलिमीटर, १४ चा ३.१. रंगाबरोबर आत खूणही काढायची असेल तर हा अर्धा मिलिमीटर फार मोलाचा आहे.

बर्डीकर

+१. खूण काढाच. मूळ खेळात आठ रंग आहेत, आणि या डिस्प्लेवर उजेडात नारिंगी-लाल आणि निळा-जांभळा वेगळे ओळखणं अवघड जातं. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना तर खेळताच येत नाही. गेम बॉयवर आलेल्या या मालिकेतल्या खेळाला चारच करड्या छटांत काम भागवावं लागलं होतं, तिथे आकृतीनंच बबल ओळखायचा. मधल्या ६×६ पिक्सेलमध्ये ठिपका, फुली, अधिक, आडवी रेघ, उभी रेघ, पोकळ चौकोन, त्रिकोण आणि काहीच नाही, अशा आठ खुणा बसतात. फिक्या बबलवर काळी खूण, गडदवर पांढरी. कडेचा एक पिक्सेल गडद ठेवा, नाहीतर शेजारचे दोन पिवळे एकच डाग दिसतात.

गणितवेडा

आता तिसरी अडचण. हिचं मूळ जवळपास प्रत्येक वेळी एकच असतं.

सम ओळीत ८ घरं, विषम ओळीत ७ आणि ती अर्ध्या बबलनं उजवीकडे सरकलेली. त्यामुळे वरचे-खालचे शेजारी ओळीप्रमाणे बदलतात. बाजूचे दोन शेजारी नेहमी रकाना उणे एक आणि रकाना अधिक एक. वरच्या आणि खालच्या ओळीतले शेजारी मात्र ८ घरांच्या ओळीसाठी रकाना उणे एक आणि तोच रकाना, तर ७ घरांच्या ओळीसाठी तोच रकाना आणि रकाना अधिक एक.

तुम्ही 'ओळ क्रमांक सम की विषम' यावरून हे ठरवत आहात. वरून नवी ओळ आली की सगळ्या ओळी एकानं खाली सरकतात. जी ओळ शून्य होती ती एक होते, पण तिच्यात अजूनही ८ च घरं आहेत! कोड तिला आता ७ ची समजून चुकीच्या बाजूचे शेजारी पाहतो. म्हणून चिकटलेला फुटत नाही आणि एक घर सोडून असलेला फुटतो.

उपाय: 'सरकी' नावाचा एक आकडा ठेवा, सुरुवातीला ०. प्रत्येक नव्या ओळीला तो ० चा १, १ चा ० करा. ओळीचा प्रकार ठरवताना नेहमी (ओळ + सरकी) सम आहे की विषम ते पाहा. चित्र काढताना, धडक तपासताना, घर निवडताना आणि शेजारी शोधताना, चारही ठिकाणी. एक जागा सुटली तर चूक तशीच राहते आणि शोधायला आणखी अवघड होते, म्हणून या प्रश्नासाठी एकच छोटं फंक्शन लिहा.

आर्केडसारख्या फेऱ्यांच्या मोडमध्ये ही भानगड नाही. तिथे नवी ओळ येत नाही, छतच खाली येतं. त्यात अ‍ॅरेला हात लावू नका, फक्त छत किती ओळी उतरलं तो आकडा वाढवा आणि उंची मोजताना १२ ने गुणून मिळवा. छत उतरायच्या आधीच्या एका शॉटला बबल थरथरू द्या, खेळणाऱ्याला इशारा मिळतो.

झीरो_पीसीबी

फोडायच्या कोडबद्दल थोडी भर. रंग जुळणारे शोधताना फंक्शननं स्वतःलाच हाक मारायची पद्धत टाळा. १२ ओळी धरल्या तर फार तर ९० घरं आहेत, तेवढा एक स्टॅक (तपासायच्या घरांची यादी) धरणारा अ‍ॅरे ठेवला की झालं. घर स्टॅकवर टाकतानाच 'पाहिलं' अशी खूण करा, काढताना नाही. काढताना केली तर एकच घर सहा शेजाऱ्यांकडून सहा वेळा स्टॅकवर चढतं, अ‍ॅरे ओलांडला जातो आणि भलताच व्हेरिएबल बिघडतो.

तीन किंवा जास्त मिळाले तर काढा, मग दुसरी फेरी: छताला लागलेल्या सगळ्या बबलपासून सुरुवात करून, रंग न पाहता, जिथवर पोहोचता येतं तिथवर खुणा करा. खूण नसलेले लोंबकळत आहेत, ते पाडा. हा क्रम उलटा करू नका. फुटण्याआधी लोंबकळणारे शोधले तर एक शॉट उशिरा पडतात.

गुण: फुटलेल्याला १०. पडणाऱ्यांचे एकाला २०, दोघांना ४०, तिघांना ८०, असे दुप्पट, १७ किंवा जास्तला १३,१०,७२०. हे ३२ बिटी आकड्यातच ठेवा. १६ बिटीत बाराव्या बबललाच ४०,९६० होतात आणि गुण उणे दिसतात.

अंबाझरी_काठ

बबलचा वेगही सांगून ठेवतो. फ्रेमला ६ पिक्सेल ठीक वाटते, १२० पिक्सेल एक तृतीयांश सेकंदात. पण सहाची एकच उडी नको, २ च्या तीन उड्या आणि प्रत्येकीनंतर धडक तपासा. नाहीतर बबल दुसऱ्याच्या आत शिरल्यावर धडक कळते आणि तो भलत्या घरात जाऊन बसते.

भिंतीवर आपटताना केंद्र ७ च्या डावीकडे गेलं तर त्याला ७ वर आणून ठेवू नका. जितकं पलीकडे गेलं तितकं आत वळवा, म्हणजे नवा एक्स = १४ उणे जुना एक्स. उजवीकडे २१० उणे जुना एक्स. ७ वर आणून ठेवलं तर दर आपटीला थोडं अंतर मार खाते आणि दोनदा आपटून जाणारा शॉट कधीच ठरवल्या जागी लागत नाही.

काट्याला दोन्ही बाजूंना ८० अंशांची हद्द ठेवा. ८० वर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बबल १७ पिक्सेल चढते, ८५ वर ९ सुद्धा नाही. तो खालीच घोटाळत राहते.

बर्डीकर

पुढचा बबल निवडताना फक्त पटावर शिल्लक असलेले रंग द्या. आधीच दाखवलेल्या 'पुढच्या' बबलचा रंग आताच्या शॉटनं संपला असेल तर तोही बदला, हे हमखास राहून जातं. रेडिओ बंद असताना ईएसपी३२ चा रँडम आकडा खरा रँडम नसतो, म्हणून पहिल्या बटनाच्या क्षणाचे मायक्रोसेकंद बीजात (रँडमच्या सुरुवातीच्या आकड्यात) मिसळा.

बझर सरळ पिनला लावू नका. १६ ओहमचा मॅग्नेटिक बझर पिनच्या ४० मिलिअँपियरच्या हद्दीपेक्षा कितीतरी जास्त ओढतो. मध्ये बीसी३३७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला १ किलोओहम, बझरला उलटा १एन४१४८ डायोड. आणि आर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअर ३ वर असाल तर आवाजाच्या पीडब्ल्यूएमची (पिन वेगानं चालू-बंद करून सूर काढण्याची) जुनी फंक्शन्स काढून टाकली आहेत, जुनी उदाहरणं कंपाइल होत नाहीत.

तर्री_पोहे

बबल १४, धडक १२, काटा १ अंश. फटीतून बबल जातो, आणि चुकीचा नेम असेल तर जात नाही, नेमकं हवं तसं. सरकीचं फंक्शनही लिहिलं, चार जागांपैकी घर निवडायची जागा खरंच सुटली होती.

एकच उरलं: डिस्प्लेवर बबल सरकताना मध्येच तुटल्यासारखा दिसतो. एसपीआय ४० मेगाहर्ट्झवर आहे, तारा १५ सेंटिमीटरच्या जंपर.

झीरो_पीसीबी

पूर्ण पडदा १२८ × १६० × २ = ४०,९६० बाइट. ४० मेगाहर्ट्झवर तो ८.२ मिलिसेकंदात जातो, २७ वर १२.१. दोन्ही १६.७ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये बसतात, म्हणजे ४० ची गरजच नाही. एवढ्या लांब जंपरवर ४० ला क्लॉक बिघडतो आणि मधले काही बाइट चुकतात. २७ वर आणा, तारा ५ सेंटिमीटरच्या करा, क्लॉकच्या तारेला लागून एक ग्राउंडची तार न्या. आणि सरळ डिस्प्लेवर काढू नका, आधी पूर्ण चित्र मेमरीतल्या स्प्राइटमध्ये (पडद्याएवढ्या कोऱ्या चित्रात) काढून मग एकदम पाठवा.

तर्री_पोहे

२७, छोट्या तारा, स्प्राइट. तुटणं थांबलं. पिनांचा तक्ता आणि सरकीचं फंक्शन उद्या इथेच टाकतो.